सांगोल्याचे आबा : विरोधी बाकावरचा आमदार

(दक्षिण महाराष्ट्रातील एका वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



सांगोला म्हटले की आज तुम्हांला काय आठवते, असे मी विचारले तर निम्मे सभागृह हसेल याची मला खात्री आहे. २०२२ च्या जून महिन्यात गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याच्या तेव्हाच्या आमदारांनी एका कार्यकर्त्याशी जे बोलणे केले, ते झाडी-डोंगरांचे बोलणे साऱ्या देशाने ऐकले. त्यावर गाणी झाली, लग्नाच्या वरातीतही ती वाजली. शहाजीबापू पाटलांची बोली अस्सल माणदेशी आणि लोभस आहे, तिला नावे ठेवण्याचे माझ्या मनात नाही. परंतु एका दुष्काळी तालुक्याची ओळख एका दूरध्वनीवर येऊन थांबावी याचे मला वाईट वाटले. कारण त्याच तालुक्याने अकरा वेळा निवडून दिलेला एक माणूस त्या घटनेच्या जेमतेम वर्षभर आधी, ३० जुलै २०२१ रोजी, हे जग सोडून गेला होता. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे. भाई गणपतराव देशमुख. तालुक्याचे आबासाहेब.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गणपतराव शेतकरी कामगार पक्षाचे. लाल बावटा, मार्क्सचा विचार. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांचा आणि माझाही त्या विचाराशी मेळ बसत नाही, आणि आज तो बसवण्याचा खटाटोप मी करणार नाही. वर्गसंघर्षाच्या चष्म्यातून गाव पूर्ण दिसत नाही, हे माझे मत कायम आहे. पण आमदार या पदाचे नेमके काम काय, हा प्रश्न जेव्हा जेव्हा मला पडतो, तेव्हा डोळ्यांसमोर जी दोन-तीन नावे उभी राहतात त्यांत एक रामभाऊ म्हाळगींचे असते आणि दुसरे गणपतरावांचे. म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांच्या हाती देत. गणपतरावांची रीत वेगळी, पण हिशेब देण्याची वृत्ती तीच.

जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. कायद्याचे शिक्षण घेतले, सांगोल्यात वकिली केली. १९६२ साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते विधानसभेत आले. त्या वेळचे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यशस्वी होऊन दोन वर्षे लोटलेली. समिती विरलेली. २६४ जणांच्या सभागृहात काँग्रेसचे २१५ सदस्य आणि विरोधकांतला सर्वांत मोठा पक्ष म्हणजे शेकाप, त्याचे १५. कृष्णराव धुळुप विरोधी पक्षनेते. जनसंघाचा तर त्या सभागृहात एकही सदस्य नव्हता. पंधरा जणांनी दोनशे पंधरांसमोर बसायचे आणि बोलायचे. मतदानात हरणार हे ठरलेले. अशा वेळी आयुधे उरतात ती प्रश्नोत्तराच्या तासाची, लक्षवेधी सूचनेची, अर्धा तास चर्चेची, कपात सूचनेची. ही आयुधे ज्याला चालवता येतात, त्याच्यासमोर बहुमतातल्या मंत्र्यालाही कागद चाळावे लागतात. तारांकित प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते, ते कामकाजात छापले जाते, आणि पुढच्या अधिवेशनात 'गेल्या वेळी आपण असे म्हणाला होता' असे विचारायला विरोधक मोकळा असतो. मंत्री बदलतात, सचिव बदलतात. छापलेले उत्तर बदलत नाही.

आता सांगोला कसा आहे ते सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून हा माणूस कळायचा नाही. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिम टोकाला, माण नदीच्या काठाचा हा तालुका. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या माणदेशी माणसांना मराठी वाचकांच्या घरात आणून बसवले, त्यांचाच हा मुलूख. सह्याद्रीला अडून पाऊस संपतो आणि त्याच्या सावलीत हे तालुके कोरडे राहतात : माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, सांगोला. महूद, नाझरे, जवळा, घेरडी, कोळे या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली, ऊसतोडीला गेली, मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरली. मुरमाड जमीन, ज्वारी-बाजरी, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. पश्चिमेला थोड्या अंतरावर मात्र कृष्णेचे बारमाही पाणी, उसाचे मळे आणि कारखान्यांची धुराडी. एकाच राज्यात, एकाच खोऱ्यात दोन महाराष्ट्र.

या तालुक्याने १९६७ ला गणपतरावांना पुन्हा निवडून दिले आणि १९७२ ला पाडले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले. वर्ष लक्षात घ्या. १९७२. महाराष्ट्राने गेल्या शतकात पाहिलेल्या भीषण दुष्काळाचे वर्ष. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या, सुकडी, तगाई, गुरांच्या छावण्या. ज्या माणसाने दहा वर्षे दुष्काळावर प्रश्न विचारले, तो नेमका त्या वर्षी सभागृहाबाहेर होता. दोन वर्षांनी पोटनिवडणूक झाली आणि १९७४ साली तालुक्याने त्यांना परत पाठवले.

त्याच काळात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जे एक काम केले, त्याला देशात तोड नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना. तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला, दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनावर बंधनकारक, हा विचार काँग्रेसच्या एका सात्त्विक गृहस्थाने मांडला आणि समाजवादी, शेकाप, जनसंघ अशा सर्व बाकांवरून त्याला पाठबळ मिळाले. तुम्ही नोकरदार मंडळी पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कराच्या नावाने कापलेले पाहता आणि कपाळाला आठ्या घालता. तो कर १९७५ साली याच योजनेसाठी बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. हे फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगितले.

पुढे १९९० साली याच योजनेला फळबागेची जोड मिळाली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात खड्डे खणायचे, रोपे लावायची, मजुरी आणि रोपांचा खर्च शासनाने द्यायचा. सांगोल्याच्या मुरमाड जमिनीला आणि कोरड्या हवेला डाळिंब मानवले. आधी 'गणेश', नंतर 'भगवा'. ठिबकच्या नळ्या आल्या, शेततळी आली, अजनाळ्यासारखे गाव डाळिंबाच्या बंगल्यांसाठी ओळखले जाऊ लागले. २८ डिसेंबर २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ज्या शंभराव्या किसान रेल्वेला हिरवा झेंडा दाखवला, ती सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघालेली होती. ज्या तालुक्यातून पूर्वी माणसे बाहेर जात, तिथून फळे जाऊ लागली. अर्थात हे चित्रही पुरते गोड नाही. तेल्या, मर आणि खोडकीड यांनी अलीकडच्या वर्षांत बागांच्या बागा काढायला लावल्या आहेत. आणि हे सारे गणपतरावांनी केले असे म्हणणे हा अन्याय होईल. शेतकऱ्याने केले, योजनेने केले, संशोधकांनी केले. आमदाराचे काम एवढेच की योजनेचे पैसे मध्येच अडकले तर त्याने उठून उभे राहायचे.

पाण्याची कथा मात्र त्यांचीच आहे, आणि ती लांबलचक आहे.

कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचे वाटप बच्छावत लवादाने १९७३ साली ठरवले. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले, पुनर्वापराचे धरून ५८५. या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर व्हायचा होता. म्हणजे तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडवून वापरात आणले नाही, तर पुढे दावा सांगताना हात रिकामे. धरणे बांधली गेली, पण त्यांचे पाणी उताराने जिथे जाते तिथेच गेले. दुष्काळी तालुके उंचावर. तिथे पाणी चढवायचे तर पंप हवेत, वीज हवी, पैसा हवा, आणि मुख्य म्हणजे खालच्यांनी वरच्यांसाठी वाटा सोडायला हवा. यातले शेवटचे सर्वांत कठीण.

१९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही त्या चळवळीची प्रमुख नावे. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांनी एकत्र येऊन समन्यायी पाणीवाटपाची मागणी केली. नदीकाठी जमीन आहे म्हणून पाणी तुझे, असे नाही, तर खोऱ्यात राहतो म्हणून प्रत्येक कुटुंबाचा त्यात वाटा आहे, असा तिचा आशय. नागनाथअण्णा स्वतः वाळव्याचे, बागायती पट्ट्यातले, साखर कारखाना चालवणारे. त्यांनी कोरड्या तालुक्यांसाठी उभे राहावे याला मी मोठेपणा म्हणतो. वर्षानुवर्षे परिषदा भरत राहिल्या. शेतकरी शिदोरी बांधून येत, दिवसभर बसत, ठराव ऐकत आणि परत जात.

इथे श्रोत्यांना आवडेल असा एक तपशील आहे आणि तो खराही आहे. ज्या युती सरकारच्या काळात, १९९६ साली, महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, रोखे काढून पैसा उभारला गेला आणि टेंभू उपसा सिंचन योजनेला चालना मिळाली, त्या काळात गणपतराव पुन्हा एकदा सभागृहाबाहेर होते. १९९५ साली शहाजीबापूंनी त्यांना दोनशेच्या आतल्या मतांनी हरवले होते. दुष्काळ आला तेव्हा ते बाहेर, महामंडळ झाले तेव्हाही बाहेर! पण मागणी ज्यांनी तयार करून ठेवली होती, ती माणसे बाहेर असली तरी मागणी बाहेर नव्हती. सरकार कोणाचे का असेना, पुढे केलेला कागद तयार लागतो. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे न्यायचे आणि म्हैसाळहून मिरज, कवठेमहांकाळ, जतमार्गे मंगळवेढा-सांगोल्याकडे. पाणी चढवण्याचे वीजबिल हा पुढचा तंटा. बिल थकले की पंप बंद, पंप बंद की कालव्यात कुसळे. अखेर बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असे ठरले. टेंभूचे पाणी माणच्या पात्रात सोडले जाते, बंधारे भरून घेतले जातात. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची प्रादेशिक योजना आहे, ऐंशीच्या वर गावांची.

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक मनातल्या मनात जे म्हणत असेल, ते मीच बोलून टाकतो. पन्नास वर्षे एकच आमदार आणि तालुक्याला पाणी यायला पन्नास वर्षे, मग याला यश कसे म्हणायचे? हा प्रश्न रास्त आहे. सांगोल्यात विरोधकांनी तो प्रत्येक निवडणुकीत विचारला आणि दोनदा मतदारांना तो पटला. सत्तेच्या पक्षात गेले असते तर पाणी लवकर आले असते काय? कदाचित आले असते. शेजारच्या काही तालुक्यांत सत्तेतले वजनदार आमदार होते, आणि तेथेही टँकर धावतच होते, हेही खरे. माझे मत विचाराल तर पक्षाच्या पोथीला चिकटून राहण्यात गणपतरावांनी काही संधी दवडल्या. त्यांचा पक्ष आक्रसत गेला, रायगड आणि सांगोला एवढाच उरला, तरी ते हलले नाहीत. पण याच न हलण्यातून एक गोष्ट साधली. सांगोल्याच्या पाण्याचा प्रश्न कधी कोणाच्या मंत्रिपदाच्या बदल्यात मिटवला गेला नाही.

मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले. पहिल्यांदा १९७८ च्या पुलोद सरकारात. त्या मंत्रिमंडळात जुन्या जनसंघाचे उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणीही होते, शेकापचे एन. डी. पाटीलही. दोन टोकांच्या विचारांची माणसे एका टेबलाशी बसली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त होईतो काम करत राहिली. दुसऱ्यांदा १९९९ साली विलासराव देशमुखांच्या सरकारात. २००२ साली शेकापने पाठिंबा काढला, तेव्हा ते पदही गेले. सभागृहातली वर्षे पन्नासच्या घरात, त्यांत मंत्रिपदाची जेमतेम चार. उरलेला सारा काळ समोरच्या बाकावर.

इथे मला माझीच एक कबुली द्यायची आहे. मी या व्यवसायात आलो तेव्हा विधिमंडळाचे वार्तांकन ही मानाची गोष्ट मानली जाई. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पत्रकार कक्ष सकाळी भरलेला असे. गदारोळ झाला, सभात्याग झाला, राजदंड उचलला गेला की आम्हांला मथळा मिळे. संध्याकाळी अर्धा तास चर्चा सुरू झाली की आम्ही उठायचो. सिंचनाच्या अनुशेषावर, वितरिकेच्या लांबीवर, टंचाई आराखड्यावर बोलणारे सदस्य रिकाम्या बाकांसमोर बोलत आणि आम्ही बाहेर चहा पीत असू. गणपतरावांसारख्यांची अशी किती भाषणे माझ्या वर्तमानपत्रात दोन ओळींत आली किंवा आलीच नाहीत, याचा विचार केला की मला संकोच वाटतो. मग आम्हीच अग्रलेख लिहितो की सभागृहात गंभीर चर्चा होत नाही. गंभीर चर्चा ऐकायला कोण थांबले होते?

त्यांच्या साधेपणाविषयी बरेच लिहिले गेले आहे. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख तर दंतकथेसारखी झाली. एसटीत विधिमंडळ सदस्यांसाठी आसन राखीव असते, त्यावर तसे लिहिलेले असते. आपण सारे बेधडक त्यावर बसतो, कारण तिथे कोणी सदस्य येऊन बसेल याची भीती कोणालाच नसते. सांगोल्याच्या गाडीत ती होती! पण साधेपणाचे कौतुक करून थांबण्यात मला एक आळस दिसतो. माणूस साधा होता म्हणून निवडून आला, असे म्हटले की त्याचे काम तपासायला नको. साधी राहणी असलेले, पण सभागृहात तोंड न उघडणारे आमदारही मी पाहिले आहेत. गणपतरावांची शेतकरी सहकारी सूतगिरणी पाहा. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांचे काय झाले, किती बंद पडल्या, किती कर्जात बुडाल्या, हे तुम्ही जाणता. सांगोल्याची गिरणी नीट चालवलेल्या संस्थांच्या उदाहरणात घेतली गेली. संस्था चालवणे हे साधेपणाहून अवघड असते. त्यात रोजचा हिशेब लागतो, जवळच्या माणसाला 'नाही' म्हणावे लागते.

२०१४ साली मोदी लाटेत भलेभले वाहून गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या माणसाला सांगोल्याने अकराव्यांदा निवडून दिले. तुमच्यापैकी कित्येकांनी त्या वर्षी उत्साहाने प्रचार केला असेल, मीही त्या निकालाने आनंदलो होतो. तरीही सांगोल्याचा निकाल वाचला तेव्हा बरे वाटले, हे लपवत नाही. २०१९ ला त्यांनी स्वतःहून थांबायचे ठरवले. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि हजाराच्या आतल्या फरकाने शहाजीबापूंकडून पडले. आजोबांची पुण्याई नातवाला आपोआप मिळत नाही, हे तालुक्याने दाखवून दिले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच उभे राहिले आणि निवडून आले. घराणेशाहीवर मी आयुष्यभर टीका केली आहे, ती येथेही मागे घेत नाही. फक्त एवढे नोंदवतो की त्यांना तयार मिळाले ते सत्तेतले आसन नव्हते. २८८ जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचा तो एकच आमदार आहे.

अध्यक्ष महोदय, वेळ संपत आल्याची चिठ्ठी मघाशीच आली आहे. एकच सांगून थांबतो. विधिमंडळाचे कामकाज छापले जाते, त्याचे जुने खंड ग्रंथालयात असतात. गेल्या वर्षी या भाषणाच्या निमित्ताने मी त्यांतले काही उघडले. पाने पिवळी पडलेली, काही ठिकाणी पाने एकमेकांना चिकटलेली, म्हणजे छापल्यापासून ती कोणी उलटलीच नव्हती. प्रश्नांच्या याद्यांवरून बोट फिरवत गेलो. टंचाई, तगाई, कालवा, मजुरी, छावणी, पुन्हा टंचाई. मंत्र्यांची नावे दर काही वर्षांनी बदललेली. प्रश्नांचे विषय मात्र तेच. दुपारी दोनला बसलो होतो, ग्रंथपालांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा उठलो.